पान्यांच्या सुट्टीचा दिवस

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आमच्या ब्लॉकात मला नावाने कुणी ओळखत नाही. ‘पिकअपवाली मराठी बाई’ एवढं सांगितलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो. साठी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईने डिझेलवर चालणारा जुना, उंच, दणकट पिकअप चालवावा यात मला स्वतःला फार पराक्रम वाटतो. इतरांना काय वाटतं ते मी विचारायला जात नाही. एकदा विचारलं होतं, तेवढं पुरे झालं.

हा पिकअप माझ्या नवऱ्याने आणला. तो केंद्र सरकारच्या एका खात्यात होता. ओडिशा-झारखंडच्या डोंगरांत फिरून दगडांचे नमुने गोळा करायचे हे त्याचं काम. निवृत्तीच्या सुमाराला खात्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, आणि ज्या गाडीत बसून त्याने अर्ध्या आयुष्यात हाडं खिळखिळी करून घेतली होती तीच त्याने विकत घेतली. मी म्हटलं, घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. तो म्हणाला, हिच्यातून आपण कोकणात जाऊ, वाटेत जिथे आवडेल तिथे थांबू. थांबणं पिकअपला लगेच जमलं. पहिल्याच प्रवासात तो दुर्गापूरच्या अलीकडे थांबला आणि आम्ही दुसऱ्या ट्रकला दोर बांधून परत आलो. कोकण राहिलं ते राहिलंच.

नवरा गेला त्याला आता काही वर्षं झाली. पिकअप विकून टाका असं सगळ्यांनीच सांगितलं, मी विकला नाही. कारण विचाराल तर मी सांगते, माझा धंदा त्याच्यावर आहे. सेक्टर फाइव्ह आणि न्यू टाउनमधल्या कंपन्यांना मी कुंडीतली झाडं भाड्याने देते. एसीत बसून मलूल झालेली झाडं परत आणायची आणि टवटवीत नेऊन ठेवायची. पण हा धंदा मी नवरा गेल्यावर सुरू केला, आणि खरं सांगायचं तर पिकअप विकावा लागू नये म्हणून सुरू केला. लोक झाडांसाठी गाडी घेतात, मी गाडीसाठी झाडं लावली.

गाडी चालवायला मी शिकले. तिची निगा मात्र मी माझ्याच पद्धतीने राखते. इंजिनाचे भाग मला नावाने फारसे कळत नाहीत, आवाजाने कळतात. काही बिघडलं की मी मिस्त्रीला फोन लावते आणि तो आवाज तोंडाने काढून दाखवते. कुकरची शिटी अर्ध्यावर अडकल्यासारखा आवाज आला तर पट्टा ढिला झालेला असतो. पाट्यावर भिजलेली डाळ वाटतोय असं वाटलं तर चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं. एकदा मी बँकेच्या रांगेत उभी राहून फोनवर बेअरिंगचा आवाज काढत होते. पुढची दोन माणसं बाजूला झाली आणि माझा नंबर लवकर लागला.

हे वाचून मला यंत्रातलं काही कळतं असा कुणाचा समज झाला असेल तर तो आत्ताच दूर करते. एका दसऱ्याला गाडी पूजेसाठी चकचकीत करायची म्हणून मी सगळ्या काळ्या भागांना तेल चोळलं. त्यात ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबरही होतं. झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून, मी मोठ्या थाटात गाडी बाहेर काढली, ब्रेकवरून पाय सटकला आणि शेजाऱ्यांच्या कुंपणात जाऊन मीच सोनं लुटलं. शेजारी भले आहेत. त्यांनी कुंपण परत लावलं, फक्त थोडं आत सरकवून लावलं.

आमचा मिस्त्री काही फार मोठा जाणकार नाही. कालव्याच्या काठी पत्र्याच्या छपराखाली त्याचं गॅरेज आहे. आजार कोणताही असो, त्याचं पहिलं निदान ठरलेलं: सेल्फ. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. टायर पंक्चर झाला होता तेव्हासुद्धा त्याने आधी बॉनेट उघडून सेल्फकडे संशयाने बघितलं होतं. पण हाक मारली की येतो, मला ‘माशीमा’, म्हणजे मावशी म्हणतो आणि माझे आवाज न हसता ऐकतो. या वयात एवढ्या गोष्टी एका माणसात मिळाल्या तर आणखी काय मागायचं?

माझा मुलगा पुण्यात असतो. त्याचं सगळं लहानपण इथे गेलं, तेव्हा त्याचं मराठी रसगुल्ल्यासारखं होतं. आता पुण्यात राहून तो माझंच मराठी सुधारतो. गेल्या पावसाळ्यात बायपासवर गुडघाभर पाण्यात पिकअप बंद पडला, मी टपावर चढून बसले आणि मला तिथून दोन पोलिसांनी उतरवलं, ही गोष्ट मी त्याला फोनवर रंगवून सांगितली. मला वाटलं, हसेल.

“आई, यात हसण्यासारखं काहीही नाही,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याच पावसाळ्यात, गणपतीत तो आला, तो विसर्जनाच्या आदल्या दिवशी. जेवताना त्याने मला पुण्याला न्यायचा नेहमीचा विषय काढलाच.

“उद्या मंडळाचा गणपती तुझ्या पिकअपमधून जाणार आहे ना?”

“जाणारच. मी शब्द दिलाय.”

“मग ठरवू या. पिकअप गणपती घेऊन वाटेत न थांबता घाटावर पोचला, तर मी वर्षभर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही पोचला, तर तो विकायचा आणि तू आमच्याकडे यायचं. कायमचं.”

कुणीही शहाणी बाई “बघू या” म्हणाली असती. माझी जीभ आगाऊ. मी म्हटलं, “ठरलं.”

रात्री अंथरुणावर पडल्यावर समजलं मी काय बोलून बसले ते. मला पुण्याला जायचं नव्हतं. सून गुणी आहे, हीच तर अडचण; भांडून परत यायची सोय नाही. तिथे मला सकाळी चहा हातात मिळेल, दुपारी झोप मिळेल, आणि “तुम्ही बसा हो, आई” हे वाक्य दिवसभर मिळेल. इथे मी काही उचलते, वाहते, बिघडवते, दुरुस्त करते. सकाळी उठायला मला इथे कारण आहे, आणि त्या कारणाला चार चाकं आहेत. ती गेली तर मी नुसती कुणाची तरी आई उरेन, एवढी साधी भीती होती.

आता माझी चूक सांगते. आमचं मराठी मंडळ लहानसं. बँकांत नि सरकारी कचेऱ्यांत बदलून आलेली कुटुंबं आणि आयटीतली तरुण जोडपी. दरवर्षी गणपती न्यायला मॅटाडोर, म्हणजे छोटा ट्रक ठरवतात. कार्यवाहांनी या वर्षीही महिनाभर आधी विचारलं होतं. मी म्हटलं, आपला पिकअप असताना मॅटाडोर कशाला? माझ्या स्वयंपाकघरात पुण्याहून येणारं कॅलेंडर लावलेलं असतं. त्या दिवसाच्या चौकोनात अनंत चतुर्दशी होती. बाकी काही नव्हतं.

बाकी होतं ते विश्वकर्मा. आपला गणपती तिथीने येतो, दरवर्षी मागे-पुढे होतो. विश्वकर्म्याची पूजा मात्र सूर्याच्या हिशेबाने, सप्टेंबरात जवळजवळ ठरल्या दिवशी येते. त्या दिवशी कोलकात्यातली सगळी यंत्रं आणि हत्यारं सुट्टीवर असतात. गॅरेजवाले पाने, हातोडे धुऊनपुसून देवापुढे मांडतात आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. इतकी वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मिस्त्रीने तर मला आमंत्रणही दिलं होतं, मंगळवारी पूजा आहे, खिचडी खायला या. मी आनंदाने हो म्हटलं होतं. मंगळवारी विसर्जन आणि मंगळवारी पूजा, दोन्ही मला माहीत होतं. पण विसर्जन माझ्या मराठी कप्प्यात आणि पूजा बंगाली कप्प्यात, आणि दोन कप्प्यांमध्ये येणं-जाणं नाही.

तर मंगळवारी सकाळी मी चावी फिरवली. “टक्.”

एकदाच. समोरचे दिवे मंद झाले आणि पुन्हा शांतता. पुन्हा फिरवली. पुन्हा एकच “टक्.” मुलगा व्हरांड्यात चहा पीत उभा होता.

“काय झालं?”

“काही नाही, त्याला जरा जागा होऊ देते,” मी म्हटलं, खाली उतरले आणि भाजी आणायला जाते असं सांगून सायकलरिक्षाने थेट कालव्यावर गेले. पिशवी न्यायला विसरले, हे त्याच्या लक्षात आलं होतं म्हणे.

या पूजेला इथे पतंग उडवतात, त्यामुळे आकाशात पतंगच पतंग. गॅरेजात लाउडस्पीकर लावलेला, हत्तीवर बसलेला विश्वकर्मा, आणि त्याच्या पायाशी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले पाने. त्यांच्या शेजारी मिस्त्रीचा मोबाइलसुद्धा, कपाळाला टिळा लावून. बाहेर हार घातलेले मॅटाडोर उभे होते. त्यांचे चालक सकाळपासूनच अशा आनंदात होते की त्यांच्या हाती गणपती द्यायचा म्हणजे विसर्जन वाटेतच झालं असतं. मिस्त्री नवा पंजाबी, म्हणजे आपला झब्बा, घालून खिचडी वाढत होता.

मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “टक्.”

“सेल्फ!” तो म्हणाला. मग दोन्ही हात जोडले. “लेकिन माशीमा, आज हम हाथ नहीं लगाएगा. कल सुबह.”

“कल तक रुकी तो मुझे ही पुणे भेज देंगे,” मी म्हटलं आणि पैजेची हकीकत सांगितली. तो खरोखर हळहळला. त्याने मला खिचडी वाढली. दुःखात खिचडी बरी लागते, पण पिकअप त्याने सुरू होत नाही.

खाता खाता मला सुचलं. आपल्याकडे हत्यारांची पूजा दसऱ्याला असते. नवऱ्याची पान्यांची लोखंडी पेटी घरी पलंगाखाली आहे. मी म्हटलं, “तुम्हारे पाने आज छुट्टी पर हैं, मेरे नहीं. मेरे दशहरे को बैठते हैं.”

मिस्त्रीने वळून देवाकडे बघितलं. असा प्रश्न त्याच्या गॅरेजात पूर्वी आला नसावा. मग म्हणाला, “ठीक है. पाना आपका, हाथ आपका. मुँह हमारा.”

अशा रीतीने माझ्या दारात उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. उंटाच्या जागी मोडा, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल, त्यावर मिस्त्री, मांडीवर प्रसादाचा द्रोण. शेळी मी. विसर्जनासाठी मी हिरवी इरकल नेसले होते. ती बदलायला वेळ नव्हता म्हणून तिच्यावरूनच नवऱ्याचा खाकी ओव्हरऑल चढवला. सगळी साडी आत कोंबल्यावर मी भात भरलेल्या पोत्यासारखी दिसत असणार. चाकांना पुढे-मागे विटा लावल्या आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेले. इतका उंच पिकअप घेतल्याबद्दल नवऱ्याला त्या दिवशी पहिल्यांदा धन्यवाद दिले.

“सेल्फ का नट खोलिए,” वरून आज्ञा आली.

“सेल्फ नहीं है,” मी खालून ओरडले. “सेल्फ टक्-टक्-टक् करता है. ये एक ही बार टक्.”

“सेल्फ ही है, माशीमा!”

“नहीं है!”

भांडण पाच घरांना ऐकू जात होतं. मला एकाएकी आठवलं, दरवर्षी पावसाळा संपला की नवरा गाडीखाली जाऊन एक जाड तार सोडवायचा, घासायचा आणि परत लावायचा. इंजिनापासून गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली तार. ही खराब झाली की गाडीत वीज असूनही पोचत नाही, असं काहीतरी सांगायचा. मी तेव्हा ऐकत नव्हते, चहा झालाय एवढं सांगून आत जायचे. तो गेल्यापासून ती तार कुणी घासली नव्हती, आणि तिने नुकतीच बायपासवर गुडघाभर पाण्यात आंघोळ केली होती. मी ती शोधली. टोकाला हिरवट-पांढरा थर चढला होता, शिळ्या चिंचेच्या भांड्यावर चढतो तसा. मिस्त्रीला न विचारता मी नट सोडवायला घेतला. तो हलेना.

तेवढ्यात बाजूने मुलाचा चेहरा दिसला, आडवा. तो रस्त्यावर गाल टेकून माझ्याकडे बघत होता.

“भाजी मिळाली का?” त्याने विचारलं.

“हे बघ, पैज वाटेत थांबण्याची आहे. अजून निघालोच नाही आपण.”

तो हसला नाही. तसाच आडवा राहून म्हणाला, “आई, तू अशी खाली असताना काही झालं, तर मला कोण सांगणार?”

“तू इथेच तर आहेस.”

“आज आहे.”

मी वर्षभर त्याला हट्टी समजत होते. आईचं घर मोडायला निघालेला पोरगा, असंही एकदा बहिणीला म्हणाले होते. आणि त्याला तर फक्त पुण्यात न वाजणाऱ्या फोनची भीती होती. पाठीवर झोपलं की डोळ्यांतलं पाणी कानात जातं. माझं दोन्ही कानांत गेलं.

“घासणी आण,” मी म्हटलं. “भांड्याची, तारेची. आणि हा नट तू सोडव, माझ्या मनगटात जोर नाही.”

तो घासणी घेऊन आला आणि गाडीखाली माझ्या शेजारी येऊन झोपला, धुतलेल्या सदऱ्यासकट. नट त्याने सोडवला, तार मी घासली. वरून मिस्त्री अजून सेल्फवर ठाम होता. तार लावून बाहेर आले, चावी फिरवली आणि पिकअप असा गरजला की मोड्यावरून मिस्त्री द्रोणासकट उठला.

“देखा, सेल्फ गरम हो गया,” तो म्हणाला. त्याने आपल्या हाताने पिकअपला हार घातला. हाराला हात लावायला बंदी नव्हती.

गणपती निघाला. कार्यवाहांनी ढाकी, म्हणजे इथले ढोलवाले, बोलावले होते. बंगाली ढाकावर मराठी आरत्या आम्हाला आता उलट्या वाटत नाहीत. मुलगा मागे उभा राहून मूर्तीला धरून होता. बेलेघाटा, सियालदा, धर्मतला. प्रत्येक सिग्नलला मी ‘मोरया’ ऐवजी ‘बंद पडू नकोस’ म्हणत होते. पिकअपला बहुधा दोन्ही सारखंच. आम्ही न थांबता घाटावर पोचलो. तिथेही मी इंजिन बंद केलं नाही, उगाच देवाची परीक्षा कशाला बघा. बाप्पा गंगेत उतरले तेव्हा ‘पुढच्या वर्षी लवकर या’ सगळ्यात मोठ्याने माझा मुलगा ओरडला. पैज हरलेला माणूस पुढच्या वर्षाची एवढी घाई करत नाही.

मला जिंकल्याचं बोलून दाखवायचं होतं. वाक्यही तयार होतं. ते मी बाप्पाबरोबर गंगेत सोडून दिलं.

परतताना पाटावर घाटाची माती घेऊन मुलगा माझ्या शेजारी बसला. मी गाडी घरी न नेता कालव्याकडे वळवली. मिस्त्रीला सांगितलं, या मुलाचा नंबर घेऊन ठेव. मी गाडीखाली जाईन तेव्हा याला कळवायचं. मिस्त्रीने देवापुढे ठेवलेल्या आपल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

“आज नहीं, माशीमा. वो भी मशीन है.”

मुलाने नंबर प्रसादाच्या द्रोणाच्या पाठीवर लिहून दिला. मला वाटलं, हा द्रोण उद्या सकाळी गाईच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी मुलाचा विमानतळावरून फोन आला. “आई, तुझ्या मिस्त्रीने केला होता फोन. म्हणाला, माशीमा ठीक आहेत, काळजी करू नका.”

“अरे वा.”

“आणि म्हणाला, सेल्फ मात्र बदलायला लागेल.”

त्यानंतर त्याने पुण्याचं नाव काढलेलं नाही. पण आता माझ्या दारात एक नियम आहे. मला गाडीखाली जायचं असेल तर आधी मिस्त्री येतो, विटा लावल्यात का बघतो, पुण्याला फोन लावतो आणि मोबाइल स्पीकरवर टाकून पुढच्या चाकावर ठेवतो. मुलगा ऑफिसात असतो, त्यामुळे फारसं बोलत नाही. खाली मला मिस्त्रीच्या सूचना ऐकू येतात, त्या मी ऐकत नाही. पुण्यातल्या कीबोर्डची टकटक ऐकू येते, ती ऐकते. मी बाहेर येऊन, पदर झटकून “आले रे” म्हणेपर्यंत तो फोन ठेवत नाही.